चालतंय म्हणजे बरोबर नव्हे

चांगल्या माणसाचा इतका वैताग येऊ शकतो हे पाच्छापूरकर सर भेटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. वाईट माणसाचं सोपं असतं. त्याच्यावर रागावलं की मोकळं वाटतं, चहा गोड लागतो. सरांवर रागावलं की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहायचं, आणि मग त्याचा वेगळा राग यायचा. आता ते रिटायर होऊन बेळगावकडच्या अथणीला गेलेत. तरी परवा लॅबमध्ये एक मुलगी म्हणाली, "मॅम, रन होतोय, म्हणजे करेक्ट आहे," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे कोण सांगितलं?" माझा सगळा जन्म पुण्यात गेला, आणि माझ्या तोंडी 'कोण सांगितलं'! सरांनी जाता जाता माझं व्याकरणसुद्धा बिघडवून ठेवलं आहे.

आमचं कॉलेज बंगळुरात, कोरमंगलाच्या मागच्या अंगाला. मी फिजिक्सची, सर मॅथ्सचे. कम्प्युटरचं रीतसर शिक्षण दोघांपैकी कुणाचंच नाही. कॉलेजात कम्प्युटर आले तेव्हा ते शिकवू शकणारी माणसं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत निघून गेली होती, आणि तिथला पगार सोडून कुणी आमच्याकडे खडू धरायला येणार नव्हतं. मग ज्यांना आकडेमोड येते त्यांच्या गळ्यात हा विषय पडला. प्रोग्रॅमिंगचा पेपर मॅथ्सकडे गेला, प्रॅक्टिकलचा थोडा भाग आमच्याकडे आला. आम्ही फिजिक्सवाले तो पडत-धडपडत शिकलो. प्रोग्रॅम लिहायचा, चालवायचा, चुकला तर इकडचं तिकडे करायचं, पुन्हा चालवायचा. शंभर वेळा तेच उत्तर आलं की आमच्यात त्याला नियम म्हणतात.

सरांच्यात त्याला अफवा म्हणतात. हे त्यांचेच शब्द. "बाई, शंभर माणसं सांगितली म्हणून अफवा खरी होतीय काय?"

उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा. त्यामुळे खिसा कायम पांढरा. कन्नड सहकाऱ्यांनी त्यांच्या आडनावाचा 'कर' केव्हाच गाळून टाकला होता, सगळे 'पाच्छापूर सर' म्हणत. मी एकटी पूर्ण नाव घ्यायची, म्हणून मराठीत बोलायला ते माझ्याकडे येत. खरं तर वाद घालायला येत. माझ्या शेजारची खुर्ची ओढून "बसू काय?" असं विचारत तेव्हा ते आधीच बसलेले असत.

पहिला वाद झाला तो व्याकरणावरून. ते म्हणायचे, "मी ते काम केलो," "मी त्याला सांगितलो." एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, मी केलं म्हणतात. केलो नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या पुण्यात क्रियापद कामाकडं बघतंय. काम झालं, कोण केलं ते राहू दे बाजूला. आमच्यात क्रियापद माणसाकडं बघतंय. मी केलो म्हणजे मी केलो. अंग काढून घ्यायला जागा नाही." मी पेपर तपासायला घेतले.

त्यांच्या लॅबमध्ये सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की कम्प्युटर बंद असत. मुलं समोर बसलेली, यंत्रं समोर ठेवलेली, आणि सर फळ्यावर. आधी प्रोग्रॅम फळ्यावर चालला पाहिजे. एकेक ओळ एकेका मुलाने उठून 'चालवायची', कुठल्या ओळीनंतर काय किंमत झाली ते सांगायचं, आणि शेवटी हा प्रोग्रॅम नेहमीच बरोबर उत्तर देईल हे कशावरून, तेही सांगायचं. मगच बटण. तोवर तास संपलेला असे. मुलं माझ्याकडे येऊन रडायची, "मॅम, आम्ही सेमिस्टरभरात दोनदाच एंटर दाबलं."

त्यातही बरोबरच्या चिन्हाचं दुखणं. प्रोग्रॅममध्ये सर्रास लिहितात, 'x = x + 1'. म्हणजे x ची किंमत एकने वाढव. जगात कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. सरांना ते बघवत नसे. "कुठली संख्या स्वतःपेक्षा एकनं मोठी असतीय? हे खोटं आहे. चिन्ह चुकीचं निवडली ती लोकं, आपण चुकीचं वाचायचं नाही." मग वर्गात 'इज इक्वल टु' म्हणायला बंदी. मुलांनी कन्नडमध्ये 'आगुत्ते' म्हणायचं, म्हणजे 'होतं'. x चं x अधिक एक होतं. सगळा वर्ग पाढे म्हटल्यासारखा 'आगुत्ते, आगुत्ते' करायचा आणि शेजारच्या वर्गात माझं लेक्चर बुडायचं. मुलांनी त्यांचं नावच 'आगुत्ते सर' ठेवलं. ह्यातली गंमत बंगळुरात राहिलेल्यालाच कळेल. इथे रिक्षावाल्यापासून बँकेतल्या माणसापर्यंत काम होणार असलं की 'आगुत्ते' म्हणतात आणि होणार नसलं की 'आगल्ल'. कुठल्याही कामाला हमखास 'आगल्ल' म्हणणाऱ्या माणसाला पोरांनी 'आगुत्ते' नाव द्यावं!

आगल्लचा कळस झाला तो वेळापत्रकाच्या वेळी. आमचे प्रिन्सिपल केमिस्ट्रीचे, घाईचा माणूस. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांना सांगितलं की कॉलेजचं वेळापत्रक लावणारा एक प्रोग्रॅम लिहून द्या. सरांनी सगळ्या विभागांच्या अटी मागवून घेतल्या. कुणाला सकाळी पहिला तास नको, कुणाला शनिवारी दुपार नको, दोन लॅब, एक प्रोजेक्टर. सुट्टीभर ते खपले. कॉलेज उघडायच्या आदल्या आठवड्यात प्रिन्सिपलच्या टेबलावर त्यांनी कागदांचा एक गठ्ठा ठेवला. मी तिथेच होते.

"झालं?" प्रिन्सिपलनी विचारलं.

"झालं, सर. ह्या अटींत वेळापत्रक अस्तित्वात नाही. सिद्ध केलोय."

प्रिन्सिपल आधी हसले, त्यांना तो विनोद वाटला. मग हसायचे थांबले. "पण मंडे कॉलेज ओपन होतंय."

"होऊ दे की. पण वेळापत्रक अस्तित्वात नाही."

शेवटी मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने फिजिक्सच्या पद्धतीने दोन दिवसांत काहीतरी जमवलं. गुरुवारी दोन वर्ग एकाच लॅबच्या दारात उभे राहायचे, तेवढं एक सोडलं तर उत्तम चाललं. पण वर्षभर दर गुरुवारी सर त्या दाराशी हात मागे बांधून उभे. दोन्हीकडची पोरं भांडायला लागली की माझ्याकडे बघायचे. "मी सांगितलो नव्हतो काय?" लॅबच्या दाराला कुलूप लावून किल्ली तळ्यात फेकावी असं मला वाटायचं.

एवढं असून त्यांचे जुने विद्यार्थी त्यांना विसरत नसत, ह्याचंही मला नवल वाटे. त्यांच्यातल्या एकाने कोरमंगलात कंपनी काढली होती, घरपोच भाजी पोचवायची. त्याने सरांना मोठ्या मानाने बोलावलं आणि सोबत म्हणून मी गेले. काचेच्या खोलीत वीस-पंचवीस पोरं, प्रत्येकाच्या हातात कॉफी. त्या विद्यार्थ्याने तासभर पडद्यावर आपली सगळी यंत्रणा समजावली आणि शेवटी नम्रपणे विचारलं, "सर, काही सजेशन?"

"तुझा प्रोग्रॅम काम संपवून कधीतरी थांबतोय म्हणून कशावरून?"

"सर, थांबायला नकोच आहे. थांबला तर आम्ही बुडालो."

सर विचारात पडले. मला वाटलं, चला, एकदा तरी ह्यांना कुणी निरुत्तर केलं. मिनिटभराने म्हणाले, "बरं. मग थांबत नाही हे तरी सिद्ध केलाय काय?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. परतताना रिक्षात ते चिडलेले. "टाळ्या कशाला वाजवली ती? उत्तर द्यायचं सोडून."

असा हा माणूस. त्यांच्या ह्या सगळ्या तऱ्हा मी चेष्टेवारी नेत होते, कारण तोवर त्याची झळ कुणाला लागत नव्हती. मग ते सर्टिफिकेटचं प्रकरण आलं.

वरून नियम आला की ज्यांच्याकडे कम्प्युटरची डिग्री नाही त्यांनी एक ऑनलाइन परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवावं, नाहीतर प्रोग्रॅमिंगचा पेपर त्यांच्या विभागाकडून काढून घेतला जाईल. पाहणीला कमिटी येणार होती. मॅथ्समध्ये तेव्हा दोनच माणसं. एक सर, कायम नोकरीचे. दुसरी विनुता, गेस्ट लेक्चरर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. पेपर गेला की सरांचे तास कमी पडणार, ते भरायला विनुताचे कॅल्क्युलसचे तास सरांना देणार, आणि विनुताला घरी बसवणार. कायमवाल्याचे तास आधी भरतात, उरले तर गेस्टला, असा आमच्याकडचा हिशेब आहे. विनुता रोज होसकोट्याहून दोन बस बदलून यायची. तिथल्या ज्या कारखान्यात तिचा नवरा होता तो बंद पडत आला होता, आणि लहान मुलीला ती आईकडे ठेवून यायची. विनुताने कधी कुणाकडे तक्रार केली नाही. "स्वल्प टेन्शन आहे, अक्का," एवढंच एकदा मला म्हणाली. तिच्या तोंडून स्वल्प म्हणजे किती ते मला समजलं.

परीक्षा म्हणजे पोरखेळ होता. चार पर्याय, एकावर टिक. मी बसमध्ये येता-जाता व्हिडिओ बघून पास झाले. मॅथ्सकडचा पेपर टिकवायचा तर पास व्हायला हवे होते ते सरच, गेस्टचं सर्टिफिकेट धरत नाहीत. सर परीक्षेला बसले, वेळ संपली, बाहेर आले, आणि नापास झाले.

"नापास?" मी ओरडलेच. "तुम्ही?"

"सातवा प्रश्न चुकीचा होता. तिथंच वेळ गेला."

प्रश्न असा होता: प्रोग्रॅम बरोबर आहे हे कशाने सिद्ध होतं? पर्याय होते: भरपूर चाचण्या घेऊन, वेगवान कम्प्युटरवर चालवून, नीटनेटका लिहून, वापरणाऱ्याला विचारून. अपेक्षित उत्तर शेंबड्या पोरालाही कळेल, चाचण्या घेऊन. सर तिथे अडून बसले होते. चाचण्यांनी चूक सापडते, बरोबर असल्याचं सिद्ध होत नाही. चारांपैकी एकही खरं नाही, मग टिक कशावर करणार? आणि तो सोडून पुढे जायचं म्हणजे चुकीच्या प्रश्नाला मान्यता दिल्यासारखं. म्हणून उरलेला सगळा वेळ त्यांनी त्या पडद्याकडे बघत काढला.

मी आयुष्यात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला बोलले नसेन तशी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बोलले. "सर, तत्त्व तुमचं, आणि भोगायचं विनुताने? तुमची नोकरी कुठे जाणार आहे? तुम्ही तिचे तास घेणार, फळ्यावर सिद्धता लिहिणार आणि ती पोर होसकोट्यात बसणार. ह्याला काय म्हणतात ते सांगा मला. हे तरी बरोबर आहे हे सिद्ध करा." शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मराठी कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

सर पेल्यातली कॉफी वाटीत ओतत होते. ओतली, पुन्हा पेल्यात घेतली, पुन्हा वाटीत. "ती काय म्हणाली?"

"काही म्हणत नाही. तीच तर पंचाईत आहे."

त्यांनी वाटीतली कॉफी एका घोटात संपवली. मग म्हणाले, "देतो की परत परीक्षा."

दुसऱ्या वेळी अर्ध्या वेळेतच बाहेर आले. मी दाराशी उभीच होते. "सातवा आला होता?" मी विचारलं. "आला होता की. केलो टिक, बाई. मी केलो." ते कॅन्टीनच्या दिशेला न वळता सरळ वर्गाकडे गेले. सरांनी कॉफी चुकवलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याचा राग आला. एक टिक! सगळं जग दिवसातून पन्नास खोट्या ठिकाणी टिक करतं आणि रात्री जेवून झोपतं.

सर्टिफिकेट आलं, तेही डिस्टिंक्शनचं. प्रिन्सिपलनी त्याचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. अंगठे, टाळ्या, पुष्पगुच्छ. त्याखाली सरांचा मेसेज आला: 'सातव्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर असत्य आहे. गैरसमज नसावा.' प्रिन्सिपलनी तो तत्काळ उडवला. मी डोक्याला हात लावून बसले. विनुता माझ्या शेजारी बसून तेच वाचत होती. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि ती तासाला गेली.

कमिटी आली त्या दिवशी प्रिन्सिपलनी सरांना हात जोडून सांगितलं होतं, पुस्तकातला एखादा साधा धडा घ्या, स्मार्ट बोर्ड वापरा, हसतमुख राहा. वर्ग भरलेला दिसावा म्हणून आम्ही काही शिक्षकही मागच्या बाकांवर बसलो होतो, मी आणि विनुता एकाच बाकावर. कमिटीचे तिघे दारातून आत येऊन भिंतीपाशी उभे राहिले. सरांनी स्मार्ट बोर्डाकडे पाठ केली, खिशातून खडू काढला आणि इंग्रजीत, मध्येमध्ये कन्नड घालत, सुरुवात केली.

"गेल्या महिन्यात मी एक परीक्षा दिली. तिच्यात मी एका खोट्या वाक्यावर खरं म्हणून टिक केली. आज तुम्हाला दाखवतो, ते खोटं कसं आहे."

विनुताने बाकाची कड घट्ट धरली. प्रिन्सिपल दारात, त्यांचा चेहरा मी बघितला नाही.

सरांनी फळ्यावर लिहिलं: एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात ती संख्या मिळवा, त्यात एकेचाळीस मिळवा. "हा एक प्रोग्रॅम समजा. त्याचा दावा आहे की उत्तर नेहमी मूळ संख्या येईल, एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. करा चाचणी." एक घेतल्यावर त्रेचाळीस आले. दोनला सत्तेचाळीस. तीनला त्रेपन्न. मुलं ओरडायला लागली, "प्राइम, सर! प्राइम!" दहा, वीस, तीस, सगळीकडे प्राइम. मुलं रंगात आली. "एवढ्या चाचण्या झाल्या. सिद्ध झालं?" सरांनी विचारलं. "येस्स सर!"

"एकोणचाळीसपर्यंत असंच चालतं," ते म्हणाले. "आता चाळीस घ्या." आणि फळ्यावर उत्तर लिहिलं, सोळाशे एक्याऐंशी. त्याखाली लिहिलं, एकेचाळीस गुणिले एकेचाळीस. मुलं वहीत गुणून बघू लागली. "एकोणचाळीस वेळा बरोबर, आणि तरी खोटं. मी टिक केली होती ती ह्याच्यावर."

मग ते वळले. मुलांकडे नाही, भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या तिघांकडे. खडू हातात, मान थोडी वाकलेली, सगळं ऐकून घ्यायची तयारी. सर्टिफिकेट रद्द करा म्हणोत, पेपर काढून घ्या म्हणोत, त्यांना उत्तर द्यायचं होतं.

पण कमिटीतला एक जण फोनवर बोलत बाहेर गेला होता. दुसरा न वापरलेल्या स्मार्ट बोर्डाचा फोटो काढत होता. प्रमुख बाईंनी हातातल्या कागदावर 'सर्टिफिकेट आहे' ह्या रकान्यात खूण केली, "व्हेरी इंटरॅक्टिव्ह, सर," म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघितलं. प्रिन्सिपलनी लगेच जेवणाची वर्दी दिली. तिघे गेले. पेपर टिकला, विनुताचे तास वाचले. आणि सर तसेच उभे. ज्यासाठी ते एवढे सरसावून उभे राहिले होते ते कुणाच्या कानावरसुद्धा पडलं नव्हतं. इतकी वर्षं मी ह्या माणसावर चिडले होते, त्या क्षणी पहिल्यांदा मी त्याच्या बाजूने इतरांवर चिडले.

"कुणाला काही विचारायचं आहे?" त्यांनी विचारलं, कुणाला ते कळलं नाही. मुलं वह्या मिटत होती.

माझ्या शेजारी विनुताने हात वर केला. आधी अर्धा, मग पूर्ण. "सर, चाळीसला चुकणार हे आकडेमोड न करता आधीच कसं ओळखायचं?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग सगळा फळा पुसून काढला, आणि खिशात दुसरा खडू शोधू लागले.